जलधर : आभाळातून खडकात उतरलेला शब्द

(कोजागिरीच्या संध्याकाळी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सरपंचताई, मायबहिणींनो आणि कास्तकार मंडळी,

तुमच्या ग्रामपंचायतीच्या या भिंतीवर अटल भूजल योजनेचा मजकूर रंगवलेला आहे. येताजाता सगळ्यांनी वाचला असेल. पाऊस किती, विहिरी किती, बोर किती, आणि खाली एक ओळ आहे, 'जलधराचा प्रकार : बेसॉल्ट'. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा दगड. आज मला फक्त त्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. जलधर. आमच्या शास्त्रात त्याचा अर्थ जमिनीखालचा पाणीदार थर. माझी नोकरीची सगळी वर्षं भूजलाच्या मोजणीत गेली. हा शब्द मी रोज लिहिला, अहवालांत हजार वेळा वापरला, पण त्याचा विचार मला करायला लावला तो एका म्हाताऱ्या बाबांनी.

तिकडे वरूडच्या बाजूच्या एका गावात आम्ही गावकऱ्यांना नकाशा समजावून सांगत होतो. मागच्या रांगेत एक बाबा बसले होते, गळ्यात तुळशीची माळ, रोजच्या हरिपाठातले. माझं बोलणं संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "सायेब, जलधर म्हंजे त ढग. आमी लहानपणापासून आयकतो. थो जमिनीखाली कसा गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. शास्त्रीय परिभाषेत असा अर्थ आहे, एवढंच काहीतरी बोललो. बाबा मान हलवून बसले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. त्या प्रश्नाचा माग मी नंतर बरीच वर्षं काढला. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

बाबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. अमरकोश या संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात ढगाची पंधरा नावं एका दमात दिली आहेत. मेघ आणि घन तर आपण आजही बोलतो. त्याच यादीत वारिवाह आहे, वारिद आहे, अम्बुभृत् आहे, जलमुच् आहे आणि जलधरही आहे. ही नावं जरा सावकाश ऐका. वारिवाह म्हणजे पाणी वाहून नेणारा. अम्बुभृत् म्हणजे पाण्याचा भार उचलणारा. जलधर म्हणजे पाणी धरून ठेवणारा. वारिद म्हणजे पाणी देणारा, आणि जलमुच् म्हणजे ते मोकळं सोडणारा. ढगाची सगळी कामं या पाच नावांत आली. (जलद हेही ढगाचंच नाव. आपण जलद गाडी म्हणतो तो जलद मात्र वेगळा, तो फारसीतल्या जल्दवरून आला.)

आता दुसरीकडचा धागा. जमिनीखालच्या या पाणीदार थराला इंग्रजीत ॲक्विफर म्हणतात. तो शब्द लॅटिनचा. ॲक्वा म्हणजे पाणी आणि फेर्रे म्हणजे वाहणे, उचलून नेणे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच लोकांनी तो जमिनीखालच्या पाणीदार थरांना लावला, तिथून तो इंग्रजीत आला. फ्रान्समध्ये त्या काळी या विषयाचं मोठं काम चाललं होतं. दिजों नावाच्या गावाला पाणीपुरवठा करणारे इंजिनियर आन्री दार्सी यांनी उभ्या नळात वाळू भरून तिच्यातून पाणी किती वेगाने झिरपतं हे मोजलं आणि १८५६ साली छापलं. आजही आम्ही भूजलाचा हिशेब करतो तो त्यांच्या सूत्रावरून.

पण मला थांबवलं ते त्या फेर्रे या धातूने. भाषांचे अभ्यासक सांगतात की लॅटिनमधला फेर्रे आणि संस्कृतमधला भृ हे एकाच मुळाचे. भृ म्हणजे उचलणे, वाहणे, पोसणे. म्हणजे ॲक्विफर आणि अम्बुभृत् ही सख्खी भावंडं निघाली. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झाली, एक युरोपात जाऊन खडकाचं नाव झालं, दुसरं इथं राहून ढगाचं नाव झालं. हिंदीत आज ॲक्विफरला जलभृत म्हणतात. तो शब्द घडवणाऱ्याने हे नातं ओळखून घडवला की सहज घडला, ठाऊक नाही, पण बसला मात्र चपखल.

आणि भृ धातू आपल्या घरात रोज बोलला जातो. भार त्यातूनच आला आणि भरणे हे क्रियापदही. पाणी भरणे! पहाटे हंडा घेऊन विहिरीवर जाणारी माय, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घेऊन येणारी, तिच्या कामाचं नाव आणि जमिनीखालच्या खडकाचं नाव एकाच मुळातून आलं आहे. हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या शास्त्राने या बायकांना कधी विचारलं नव्हतं की पाणी किती खाली गेलं. ते सगळ्यांत आधी त्यांच्याच दोराला कळत होतं.

मराठीत ॲक्विफरसाठी शब्द घडवताना आपण भृ घेतला नाही, धृ घेतला. धरणे. याच धातूचं धरण, याचीच धरणी, धरित्री. धरण जमिनीवर पाणी धरतं, जलधर जमिनीखाली धरतो. शब्द म्हणून मला तो आवडतो. पण त्यात एक अडचण आहे, आणि ती मोठी आहे.

आपली काळी माती पाहा. भादव्यात वावरात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो, एवढं पाणी तिच्यात असतं. चिकणमातीच्या एकूण घनफळात चाळीस-पन्नास टक्के जागा रिकामी असू शकते आणि ती पाण्याने भरते. धरण्याच्या बाबतीत तिचा हात कोणी धरणार नाही. पण त्या मातीत विहीर खोदून पाणी लागतं का? नाही लागत. ती पाणी सोडतच नाही, कणाकणाला चिकटवून ठेवते. आणि शास्त्राची व्याख्या अशी आहे की जो थर माणसाला वापरता येईल एवढं पाणी देतो तोच ॲक्विफर. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातले ऑस्कर माइंझर यांनी १९२३ साली या शास्त्राच्या शब्दांच्या व्याख्या एकत्र बांधल्या, त्यांत भर आहे तो देण्यावर. तेव्हा नुसता धरतो तो जलधर नव्हे. धरायचं आणि द्यायचंही. अमरकोशातल्या ढगाला जशी जलधर आणि वारिद अशी दोन्ही नावं आहेत, तशी या खडकालाही दोन्ही हवी होती. एकच घेतलं आणि अर्ध्या कामाचा उल्लेख राहून गेला.

तुमच्या पायाखालचा खडक किती देतो? हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एकावर एक थर साचत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग भरीव, त्यात पाणी नाही. वरचा भाग मात्र फसफसलेला, वायूचे बुडबुडे अडकून भोकं पडलेला, काही भागांत त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा लागतो. विहीर खोदणाऱ्यांना हे सगळं हाताने माहीत असतं. मुरूम लागला, मऊ लागलं, मग कठीण लागलं, मग तांबडं लागलं. त्या मांजऱ्यात आणि भेगांमध्ये पाणी असतं. किती? या खडकाच्या शंभर भागांत साधारण दोन भाग पाणी आपल्याला मिळतं. दोनच.

या दोनातून तुमच्या गावचं सगळं गणित निघतं, म्हणून जरा बोटांवर मोजू. तुमच्याकडे पाऊस साताठशे मिलिमीटर. त्यातला दहा-बारा टक्के मुरतो असं धरलं तर ते झालं शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चार इंच. ही चार इंच पाण्याची चादर खडकात उतरली तर विहिरीतली पातळी किती चढेल? खडकात जागाच शंभरात दोन आहे, म्हणून चारला पन्नासने गुणा. दोनशे इंच. साडेसोळा फूट! एका पावसाळ्यात विहीर साडेसोळा फूट वर येते. म्हणून पोळ्याला तुमची विहीर काठाशी दिसते आणि तुम्ही म्हणता, औंदा पाणी लई झालं. आता उलटं करा. सगळ्या शिवाराने मिळून संत्र्याला आणि गव्हाला फक्त चार इंच पाणी दिलं की तीच विहीर साडेसोळा फूट खाली. होळी येईपर्यंत तळ. विहीर जेवढी पटकन भरते तेवढीच पटकन रिकामी होते, ती याच कारणाने. भरलेली विहीर पाहून खडक श्रीमंत आहे असं वाटतं. तो श्रीमंत नाही. त्याचा कणगा लहान आहे, म्हणून थोड्या धान्याने काठोकाठ दिसतो.

दर्यापूरकडे, अकोटकडे गेलात तर गोष्ट एकदम वेगळी. तिथे पूर्णा नदीचा गाळ आहे, शेकडो मीटर खोल. पाणी धरायला जागा भरपूर. पण त्यातलं बरंचसं खारं. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा तो खारपाणपट्टा. खारपाण हा शब्द कोणा शास्त्रज्ञाने घडवलेला नाही, लोकांच्या जिभेने घडवला, आणि त्यासारखा नेमका शब्द माझ्या परिभाषेत दुसरा नाही. माझी आजी त्या पट्ट्यातली. डाळ शिजत नाही म्हणून पावसाचं पाणी रांजणात राखून ठेवायची आणि पाहुणे आले की त्यातलं काढायची. तिथे जलधर आहे, त्यात पाणी आहे, तरीही गावाला प्यायला पाणी लांबून नळाने आणावं लागतं. ज्योतिषी वराहमिहिराने सहाव्या शतकात उज्जैनला बसून बृहत्संहिता या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की आभाळातून पडणारं पाणी एकाच रंगाचं आणि एकाच चवीचं असतं, जमीन बदलली की त्याची चव आणि रंग बदलतो. आजीला बृहत्संहिता माहीत नव्हती. रांजण माहीत होता.

वराहमिहिराचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण तुमच्या-माझ्या मनात पाण्याचं जे चित्र आहे ते बरंचसं तिथलं आहे. त्याच्या त्या ग्रंथात जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक पूर्ण अध्याय आहे. त्याचं नाव दकार्गल. दक म्हणजे उदक, अर्गला म्हणजे दाराचा अडसर. पाण्याचा अडसर, तो काढला की पाणी मिळतं. जांभूळ कुठे आहे, वारूळ कुठे आहे, तिथून किती हातांवर आणि किती पुरुष खोल पाणी लागेल, हे त्यात सांगितलं आहे. पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आपले जुने लोक विहीर आठ परस, दहा परस सांगत, तो परस म्हणजे हाच पुरुष. दीड हजार वर्षं हे माप खोदणाऱ्यांच्या तोंडी टिकलं, त्याबद्दल मला फार आदर वाटतो. झाडांच्या खुणाही पुष्कळशा निरीक्षणातूनच आलेल्या आहेत.

त्याच अध्यायात त्याने म्हटलं आहे की माणसाच्या अंगात जशा शिरा असतात तशा जमिनीतही असतात, काही वर, काही खोल. आपली शीर म्हणजे तीच शिरा. आणि आपण अजून तसंच बोलतो. या वावरात धार आहे, त्याच्या वावरात नाही. माझ्या विहिरीला उगवतीकडून झरा आहे. पाणाड्या येतो, हातात कडुलिंबाची फांदी किंवा नारळ असतो, आणि तो धुऱ्यापासून दहा पावलं आत खूण करतो. या काळ्या दगडात पाणी भेगांतून येतं, म्हणून विहिरीत उतरलेल्या माणसाला ते धारेसारखंच दिसतं. डोळ्यांना दिसतं ते खोटं नाही. पण या भेगा एकमेकींना जोडलेल्या आहेत. तुमच्या धुऱ्यापाशी त्या थांबत नाहीत, सातबारा त्यांना माहीत नाही.

कायद्यानेही बराच काळ शिरेचाच विचार केला. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात असं धरलं आहे की जमिनीखालचं जे पाणी ठरावीक वाटेने वाहत नाही ते जमिनीच्या मालकाने हवं तेवढं काढावं. त्या काळी जमिनीखाली पाणी कसं हलतं याची समज थोडी होती आणि मोट ओढायला बैल लागत. बैल थकत होता, म्हणून खडकाला उसंत मिळत होती. पुढे पंप आले, बोर आले. वरूड-मोर्शीकडच्या पाणलोट क्षेत्रांपुढे सरकारी कागदात अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसलेलं, असा शेरा पडला. शोषित हा शब्द एरवी आपण माणसांसाठी वापरतो. खडकासाठी तो वापरावा लागला.

बोर जेव्हा खोल जातो तेव्हा नेमकं काय होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका वावरात साठ फुटांवर चांगली विहीर होती. शेजारच्या वावरात सातशे फूट बोर मारला, वरच्या भागात पुरेसं केसिंग, म्हणजे भोकाच्या कडेचा पाइप, टाकलं नाही. बोराला खाली फार पाणी लागलं नाही, पण वरचं पाणी त्या भोकातून खालच्या कोरड्या भेगांत गळून गेलं. दोन महिन्यांत विहीर कोरडी पडली. ज्याने बोर मारला त्याचंही कर्ज डोक्यावर राहिलं. दोघे चुलतभाऊ होते. पुढे काय झालं ते इथे सांगत नाही, तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या घरांत ते पाहिलं आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरहून खोल विहिरीला खोल विहीर ठरवून शेती आणि उद्योगासाठी तिला मनाई केली आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांना थोडं कमी. या गावात त्याहून खोल बोर किती आहेत हे मी विचारत नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. ढग जमिनीखाली कसा गेला?

मला वाटतं, शब्द तिथे गेला ते योग्यच झालं. ढग कोणाच्या मालकीचा असतो? तुमच्या वावरावरून जाताना तो तुमचा, माझ्यावरून जाताना माझा, असं कोणी म्हणत नाही. तो धरतो, वाहतो, सोडतो, आणि ज्याच्यावर सोडतो त्याचं भागतं. खालचा खडकही तेच करतो, फक्त फार सावकाश. ढग दोन-चार दिवसांत जेवढं अंतर जातो तेवढं जायला खडकातल्या पाण्याला पिढ्या लागतात. तो इतका हळू चालतो म्हणून आपल्याला तो थांबलेला वाटतो, आणि थांबलेली वस्तू माणसाला आपली वाटू लागते.

आपल्याकडे दगडाला पाझर फुटणे असं म्हणतात. अगदी निष्ठुर माणसाचं मन द्रवलं की म्हणतात. ज्या कोणी हा वाक्प्रचार पहिल्यांदा उच्चारला त्याने चैत्रात नाल्याच्या काठावरच्या काळ्या दगडातून निघणारं पाणी पाहिलेलं असणार. पाऊस संपून सहा महिने झालेले, आजूबाजूला धूळ, आणि दगडातून थेंब थेंब पाणी. तो पाझर म्हणजे जलधराचं देणं. लहानपणी आमच्या गावच्या नाल्याला असा एक झिरा होता. गुरं चारणारी पोरं वाटीने वाळू उकरून त्यातलं पाणी प्यायची. मीही प्यायलो आहे. आज तिथे उन्हाळ्यात हात घातला तर वाळू गरम लागते. रोजगार हमीच्या कामांत जे मातीचे तलाव बांधले त्यांना पाझर तलाव हे नाव कोणी दिलं कोण जाणे, पण ज्याने दिलं त्याला मराठी चांगली येत होती. तलावात पाणी साठवणं हा त्याचा हेतूच नव्हता, खाली पाझरवणं हा होता. म्हणून तो लवकर आटला तर काम झालं असं समजायचं. कितीतरी गावांत लोक तक्रार करायचे की तलाव फुकट गेला, पाणीच टिकत नाही. त्या नावाचा अर्थ कोणी नीट समजावून सांगितला असता तर गाळ काढण्याऐवजी त्याच्या तळाला प्लास्टिक अंथरायची मागणी कोणी केली नसती.

शब्द समजावून सांगणं हे आमचं काम होतं आणि ते आम्ही नीट केलं नाही, असं मला मनापासून वाटतं. आम्ही भिंतीवर जलधर लिहून पुढच्या गावाला गेलो.

ते बाबा आता नाहीत. त्यांना हे सांगायला मी दोन वर्षांनी गेलो तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या नातवाशी बोललो. तो म्हणाला, आजोबा आमच्या विहिरीत रोज सकाळी वाकून पाहायचे आणि पावसाळ्याआधी दोरीला गाठ मारून ठेवायचे, कुठपर्यंत पाणी होतं ते कळावं म्हणून. ती दोरी अजून मळ्यातल्या कोठ्यात खुंटीला आहे. त्याने ती मला दाखवली. गाठी मी मोजल्या. सव्वीस होत्या, आणि पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंतचं अंतर माझ्या दोन हातांत मावत नव्हतं.

सरकारच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारीत, मार्चमध्ये, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. तुमच्या गावातली ती विहीर मारुतीच्या देवळामागे आहे, कठड्यावर पिवळा पट्टा आणि नंबर आहे. पुष्कळांना ती कशासाठी आहे हे माहीत नसेल. उद्या सकाळी साडेसात वाजता मी टेप घेऊन तिथे असेन. शाळेतल्या पोरांना पाठवा. येताना घरून दोरी आणायला सांगा.